हैबतरावांचा आ

कोळवणच्या हैबतरावांना सभेत मुद्दाम मोठ्यानं जांभई द्यायची खोड होती, त्यातही सरपंच दादासाहेब बोलायला उभे राहिले की हमखास. दोघांचं शाळेपासून वाकडं. त्या रविवारी सकाळी समाजमंदिरात दादासाहेबांनी विषय काढला, मागची खोली बायकांच्या मसाल्याच्या गिरणीला देण्याचा. त्या खोलीत चार वर्षं हैबतरावांची भाताची पोती पडून होती. त्यांनी डोळे मिटून अशी जांभई दिली की पुढची रांग हसली. तेवढ्यात कानापाशी खट्ट झालं आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

झाली करमणूक, आता मिटा तोंड, असं दादासाहेबांनी सुनावलं. हैबतरावांनी हातवारे केले तर लोकांना वाटलं नक्कलच करतायत, ते आणखी हसले. हनुवटीवरून लाळ ओघळली तेव्हा मात्र त्यांची बायको जया उठून आली. नवऱ्याच्या डोळ्यांतली भीती तिनं ओळखली आणि आपल्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या जान्हवीला फोन लावला. जान्हवी मूळची परभणीची, भुकूमच्या दवाखान्यात दातांची डॉक्टर.

तिनं हैबतरावांना भिंतीला डोकं टेकवून बसवलं, कानापुढं बोटं लावून पाहिलं आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाली. खालच्या जबड्याचं गोल टोक कानापुढच्या खोबणीत बसतं, तोंड उघडलं की थोडं पुढं सरकतं. यांचं सरकता सरकता पुढचा उंचवटा ओलांडून गेलं होतं. आता कानशिलाचे आणि गालाचे चावायचे स्नायू आखडून जबडा वर ओढत होते, त्यामुळं त्याला मागं यायला वाट नव्हती.

"स्नायू सैल पडले की बसवता येईल. तोवर त्यांना चीड येईल असं कोणी बोलू नका," ती म्हणाली.

दादासाहेबांनी मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, "मग तेवढा ठराव उरकू. कुणाचा विरोध हाय का?"

"आ," हैबतराव म्हणाले.

जान्हवीच्या बोटांखाली कानशील दगडासारखं झालं. हैबतराव मान हलवू लागले, तशी जयानं दोन्ही हातांनी त्यांचं डोकं घट्ट धरलं.

"मान हलवायची न्हाई," ती गोडीत म्हणाली. "लिवा हो दादासाहेब, विरोध न्हाई."

जान्हवी हसू दाबून त्यांचे गाल चोळत राहिली. जया नवऱ्याच्या कानाशी वाकून बोलत होती. ही खोली तिनं त्यांच्याकडं चारदा मागितली होती आणि चारही वेळा तिचं वाक्य अर्ध्यावर तोडलं गेलं होतं. आज ती शेवटपर्यंत बोलली. ऐकता ऐकता हैबतरावांचे खांदे खाली आले. जान्हवीनं अंगठ्यांना पट्टी गुंडाळली, ते खालच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबला आणि मागं ढकलला. तोंड मिटलं.

सगळे आता शिव्यांची वाट बघत होते. हैबतरावांनी जबडा चाचपला.

"पोती कवा हलवायची?" त्यांनी दातांतल्या दातांत विचारलं.

दोन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही, मऊ खायचं, असं जान्हवीनं बजावलं होतं. रोज गुरगुट्या भात खाताना हैबतराव जयाचे बेत ऐकत बसायचे. कांदा-लसूण मसाला, मग गोडा, मग भुगावच्या दुकानांत पाकिटं.

"पाकिटावर नाव कुणाचं?" एकदा त्यांनी विचारलं.

"माजं," जया म्हणाली.

हैबतरावांनी घास तोंडात घोळवला आणि मग आणखी भात मागितला.