बॉनेटवरची पाच बोटं

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी पुरण वाटत होते आणि श्रेयस, माझा दीड वर्षाचा मुलगा, सारखा चुलीकडे धावत होता. एक डोळा पुरणावर, एक त्याच्यावर. पोळ्या लाटायला शरयूताई होत्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांची पाच वर्षांची गार्गी परातीजवळ बसून कणकेची चिमणी करत होती. दुपारच्या आत दारात ट्रॅक्टर येणार होता. मलकापूरच्या बाजूचा, जुना, पण आमच्यासाठी पहिलाच.

"शरयू," सासूबाई दारातून म्हणाल्या, "पोळ्या झाल्या का तू मागच्या खोलीत जाऊन बस, माय. पूजा होईस्तोर बाहीर नको येऊ."

"हो, आत्याबाई," ताई म्हणाल्या आणि पोळी उलटली.

नीळकंठ भाऊजी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सणावाराला ताई मागच्या खोलीत. त्यांच्या हातच्या पोळ्या देवालाही चालत, त्यांचा चेहरा मात्र चालत नसे. आणि ट्रॅक्टरचे पैसे होते भाऊजींमागे भरपाई म्हणून ताईंच्या नावे आलेले. सासऱ्यांनी, महादेवरावांनी, कागद पुढे केला. ताईंनी सही केली. "गार्गीच्या बापाचं घर हाये, घरच्याच कामी येऊन राह्यले," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्यांनी मागितलं होतं एकच. ताईंचे वडील चंद्रशेखर मिस्त्री, चिखलीत त्यांचं डिझेल इंजिनांचं गॅरेज. ताई बी.एस्सी. झाल्या, पण लहानपण त्या गॅरेजात उजेडाला बॅटरी धरून उभं राहण्यात गेलं. "मामाजी, गाडी पाह्याले मी येतो तुमच्यासंग," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई बोलल्या, "पहिल्या सौद्याले तू समोर? काही इचार कर वं." मग शिवम, माझा नवरा, आणि सासरे जाऊन पाहून आले. शिवमनं टायर पाहिले, रंग पाहिला, सीट दाबून पाहिली.

अकरा वाजता ट्रॅक्टर आला. निळाशार, नवा रंग मारलेला. गल्लीतल्या बाया ओसरीवर जमल्या. सौदा करून देणारा एजंट उतरला तो हसतच.

"बाबूजी, इंजन एकदम टकाटक! घरची गाडी समजा. अर्धा सेल्फ, अन् गाडी सुरू."

"अन् भाऊ, घाटात?" कुणीतरी विचारलं.

"घाटात तर पळते हो! तुमालेच म्हणावं लागते, सबूर."

सगळे हसले. शिवमनं श्रेयसला उचलून सीटवर बसवलं आणि मोबाइल सासऱ्यांकडे दिला, फोटो काढायला. मी काडेपेटी आणायला आत गेले. मागच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. ताई गज धरून उभ्या होत्या.

"मनाली, इकडं ये." त्यांचा आवाज अगदी खाली होता. "फाटकापाशी त्या एजंटनं रेडिएटरमधी बाटलीभर पाणी ओतलं. कोणाचं ध्यान नव्हतं तवा. अन् धूर पाह्य. गाडी इतकी चालून आली, गरम हाये, तरी पांढरा धूर. पाणी इंजनात जाऊन राह्यलं. पूजेआधी इंजनातली तेल मोजाची पट्टी काढाले लाव. तेल दुधाळ दिसलं तर पैसे देऊ नका म्हणा."

"मी सांगू?"

"मी बाहीर आली तर काय होईन ते तुले मालूम हाये. तू सांग. शिवमभाऊंच्या कानात सांग."

मी हो म्हणाले. काडेपेटी घेतली, ताट उचललं, बाहेर आले. शिवम चार हातांवर होता. कानात सांगायला किती वेळ लागतो?

पण श्रेयस सीटवर होता. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून खिदळत होता. आणि माझ्या मनात आलं ते इथं लपवत नाही: आत्ता नको. लेकरू गाडीवर बसलंय, दिवा लागलाय, अशा वेळी ताईंचं नाव नको. मी बी.ए. झालेली. समाजशास्त्राच्या पेपरात विधवांच्या प्रश्नावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं. तरी मनात आलं ते हे.

मी ओवाळलं. कुंकवात बोटं बुडवली आणि बॉनेटवर पाच बोटं ओढली. चाकाखाली लिंबू फुटलं, नारळ फुटला. सासऱ्यांनी उरलेली रक्कम एजंटच्या हातात ठेवली. मागं वळून खिडकीकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

बारा दिवस ट्रॅक्टर चालला. बाराव्या दिवशी, चढाच्या वावरात नांगरटी करताना, रेडिएटरचं झाकण उडालं आणि इंजिन जाम झालं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून घरी आणलं. बीबी गावाहून मिस्त्री आला. त्यानं तेलाची पट्टी बाहेर काढली तर दुधाचा चहा सांडावा तसं तेल ओघळलं.

"हेड गेलं, लायनरबी गेले. ब्लॉकले जुना तडा हाये, त्यावर पुट्टी भरून रंग मारेल हाये," तो म्हणाला. "हे आजकालचं नाही, काका. घेताना पट्टी नाही पाह्यली कोणी?"

शिवमनं खिशातून मोबाइल काढला. एजंटचा फोन त्या दिवशी बंद लागला, दुसऱ्या दिवशीही. ब्लॉकच बदलावा लागणार होता. पेरणी तोंडावर, आणि हातात काहीच नाही.

तडा मिस्त्रीनं दाखवला होता, बोट ठेवून. तरी संध्याकाळी सासूबाई काय बोलल्या?

"मी पाह्यलं त्या दिवशी. ऐन पूजेच्या वक्ती गजाले धरून उभी होती. एकटक गाडीकडं पाहून राह्यली होती. आधी माहं पोरगं गेलं, आता हे."

ताई भाकरी थापत होत्या. हात थांबले, तव्यावरची भाकरी करपली. मी तव्याकडे बघत राहिले. तेव्हाही बोलले नाही.

त्यानंतर घर कसं झालं ते सांगता येत नाही. ताईंनी भरलेल्या पाण्याला शिवम शिवेना. सासरे जेवताना भिंतीकडे तोंड करू लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी ठरवून टाकलं: शरयूनं चिखलीला जायचं, रविवारी, कायमचं. गार्गी मात्र इथंच राहणार.

"पोरगी नीळकंठची हाये. आमच्या रक्ताची हाये."

ताई सासूबाईंच्या पायांशी बसल्या. इतकी शांत बाई, पण तेव्हा त्यांचा आवाज फाटला. "आत्याबाई, मले ओसरीवर येऊ देऊ नका. मागच्या खोलीतूनबी उठवा, गोठ्यात राहीन. पण गार्गीले माह्यापासून तोडू नका. तिले झोपेत घाबरल्यासारखं होते, माह्याशिवाय ती उगी राहत नाही."

"लेकराले सवय लागते," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, मला अजूनही कळत नाही.

शनिवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बंद ट्रॅक्टरला लिंबू-मिरची तशीच लटकलेली. गार्गी घरातून निघाली, ट्रॅक्टरजवळ आली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. तशीच चाचपडत, ठेचकाळत पुढे गेली.

"गार्गी! काऊन वं असं चालते? पडशीन ना."

"मी पाह्यलं तर तो अजून बिघडते, काकू."

"कोण म्हणलं?"

"आजी म्हणते, मी आईवर गेली." बोटांच्या फटीतून तिनं माझ्या पायाशी खेळणाऱ्या श्रेयसकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. "बाळाकडंबी नाही पाहत मी."

माझ्या हातातला ओला शर्ट मातीत पडला.

त्या दिवशी मी शिवमला सगळं सांगायचा प्रयत्न केला. "आता कायले उकरून काढते?" तो म्हणाला. "झालं ते झालं."  चांगला माणूस आहे तो. मला मारत नाही, दारू पीत नाही. उद्या त्याला काही झालं तर मागच्या खोलीत माझी सोय होईल आणि श्रेयस ओसरीवर वाढेल, एवढं साधं गणित मला तोवर सुचलं नव्हतं.

रविवारी जीप आली. ताईंची एक बॅग. गार्गीला सासूबाईंनी दंडाला धरून ठेवलेलं, आणि ती "आई, आई" असा टाहो फोडत होती. गल्लीतल्या त्याच बाया ओसरीवर. त्या दिवशी पूजा पाहायला जमलेल्या.

"मामाजी," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "ताईंनी त्या दिवशी मले सांगतलं होतं. इंजनात पाणी जाते, पट्टी पाहा म्हणून. पैसे द्यायच्या आधी. मी बोलली नाही. शुभाच्या वक्ती त्यांचं नाव घ्याले मी भेली."

 

सासऱ्यांनी सावकाश ताईंकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. "बाई, तुले समजलं होतं? खिडकीतून?"

"धुरावरून, मामाजी."

"मंग जोरानं काऊन नाही ओरडली?"

"पूजेत ओरडली असती तर तुमी काय म्हणले असते?"

सासरे ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकले. सासूबाईंनी मात्र गार्गीचा दंड सोडला नाही. "हे सारं मागून सुचलेलं. मनाली, तू आत जाय. लेकराले घेऊन आत जाय."

मी श्रेयसला घेतलं. आत गेले नाही. गार्गीच्या दंडावरची सासूबाईंची बोटं सोडवली, तिला जीपमध्ये चढवलं आणि दोन्ही लेकरांना घेऊन मागच्या सीटवर बसले.

"गार्गी राहीन तर तिची माय राहीन," मी म्हणाले. "माय जाईन तर गार्गी जाईन. तिले वढून उतरवाल तर मी अन् श्रेयसबी ताईंसंग जातो."

"मनाली!" शिवम पुढे आला.

"उतर!" सासूबाई ओरडल्या. "सवाष्ण हायेस तू, लाज नाही वाटत?"

"सवाष्ण हावो म्हणूनच बसली, आत्याबाई. उद्या नसली तर मले कोण बोलू देईन?"

 ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. शेवटी मडगार्डला टेकलेले सासरे वर न बघता म्हणाले, "पोरगी जाऊ द्या मायसंग."

एवढंच. "राहा" असं कुणी म्हणालं नाही. त्यांनी नाही, शिवमनं नाही. ओसरीवरच्या बायांपैकीही कुणी नाही. ताईंनी थोडा वेळ वाट पाहिली, असं मला वाटलं. मग त्या जीपमध्ये चढल्या, गार्गीला मांडीवर घेतलं, आणि मी श्रेयसला घेऊन उतरले. त्यांनी माझा हात धरला नाही, रागही दाखवला नाही. जीप सुरू झाली तेव्हा त्यांनी शिवमला हाक मारली.

"शिवमभाऊ, रेडिएटरचं पाणी काढून ठेवजा. नाही तर हाये ते इंजनबी आतून सडीन."

जीप वळली. गार्गी मागच्या काचेतून बघत होती, उघड्या डोळ्यांनी. ट्रॅक्टरकडे, घराकडे, माझ्या कडेवरच्या श्रेयसकडे. मी त्याला तिच्या दिशेनं उंच धरलं. तिनं मान वळवली नाही.

तेव्हापासून सासूबाई माझ्याशी फार बोलत नाहीत. पुढच्या रविवारी मी श्रेयसला घेऊन चिखलीला जाणार आहे, हे त्यांना आणि शिवमला सांगून झालं आहे. आणि हेही, की ताई शेजारी उभ्या नसतील त्या कार्यात ओवाळायचं ताट मी हातात धरणार नाही.

ट्रॅक्टर अजून अंगणातच आहे. मृगाच्या दोन सरी त्यावरून गेल्या. फुलं झडली, लिंबू वाळलं. बॉनेटवर मी ओढलेली कुंकवाची पाच बोटं मात्र गेली नाहीत. निळ्या रंगात खोल उतरलीत. येणारे-जाणारे थांबतात, हळहळतात, कुणाची नजर लागली म्हणून विचारतात. मी त्यांना ती बोटं दाखवते. ही माझी, म्हणते. मला ठाऊक होतं, आणि तरी मी ती ओढली.