कडुलिंबाखालची सात घरं

राजेश्रीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. वालूरच्या शिवारातल्या एका वस्तीवर नळ जायचा होता, आणि पाइप कुठवर टाकायचा ते तिच्या नकाशावरून ठरणार होतं. नकाशात जे घर नाही, त्याला पाणी नाही, इतका सरळ हिशोब. परभणीतल्या तिच्या छोट्या संस्थेला विकतची माहिती परवडणारी नव्हती. म्हणून संस्थेचे प्रमुख दिनकरराव यांनी तिला इंटरनेटवर फुकट मिळेल ते गोळा करायला बसवलं होतं.

फुकटची माहिती लग्नातल्या आहेरासारखी असते. ढीगभर येते आणि कामाचं किती ते नंतर कळतं. जनगणनेच्या यादीत ही वस्तीच नव्हती. उपग्रहाच्या फोटोत पत्रे चमकत होते, पण फोटो कोणत्या सालचा याचा पत्ता नाही. कुणालाही भर घालता येते अशा एका खुल्या नकाशात बावीस घरं होती. आणखी एका संकेतस्थळावर पाहिलं तर तिथेही नेमकी तीच बावीस. दोन साक्षीदार एकच बोलतायत म्हटल्यावर बिचारीला हायसं वाटलं, आणि तिने नकाशा रंगवूनही टाकला.

तरी मनात पाल चुकचुकलीच. एकदा बघून यावं म्हणून ती स्कूटी काढून वस्तीवर गेली, तर बावीसच्या बावीस दारांना कुलूप. एका पत्र्याआडून बैल तेवढा तिच्याकडे बघत होता. ती चक्रावून उभी असताना डोक्यावर घागर घेऊन एक बाई आल्या. सगुणाबाई त्यांचं नाव.

"ते आखाडे हायत, माय. बैलं बांधायचे, कडबा ठिवायचा. मान्सं तिकडं ऱ्हातेत."

तिकडे म्हणजे कडुलिंबांच्या दाट सावलीत. तिथे सात घरं होती. वरून पाहणाऱ्याला नुसती झाडंच दिसणार. राजेश्रीच्या नकाशात त्या जागी हिरवा ठिपका होता.

सगुणाबाईंच्या ओट्यावर बसून तिने फोन उघडला. खुल्या नकाशात घर कुणी काढलं त्याचं नाव राहतं. ते नाव तिचंच निघालं. सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या शिबिरात उपग्रहाचे फोटो बघून नकाशात जास्तीत जास्त घरं काढणाऱ्याला बक्षीस होतं, आणि तिने एका दुपारी दिसेल त्या पत्र्याला घर ठरवत तीनशे बारा घरं काढली होती. दुसऱ्या संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की माहिती पहिल्याकडूनच घेतली आहे. म्हणजे दोन साक्षीदार नव्हतेच. साक्षीदार एकच होता, आणि तो आपणच, हे कळल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगुणाबाईंनी विचारलं, हे कुणी काढलं. तिने खरं ते सांगून टाकलं.

"आज आल्यावर दिसलं ना? मंग तवा का न्हाई आलीस?"

ती उठली आणि दारोदार जाऊन सातही घरांची जागा फोनवर टिपली. आपली चूक तरी दुरुस्त झाली, असं मनाला समजावू लागली. पण जिल्हाभर पसरलेली तिची आणखी दोनशे नव्वद घरं उरली होती. ती कुणी, कशासाठी फुकट उचलली असतील, कुणाचं पाणी कुठल्या गोठ्याला गेलं असेल, याचा तिला काही केल्या उलगडा होईना.