खोलीबाहेरचे बूट

मला चौकशा करायची खोड आहे. हे आमच्या घरात कुणालाच अमान्य नाही, मलाही नाही. पुण्यात मी एका प्रवासाच्या मासिकात उपसंपादक होते, तेव्हा या खोडीचा पगार मिळायचा. २००३ साली आशुतोषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, द हेगमध्ये नोकरी लागली, आम्ही शेजारच्या रायस्वाइकला राहायला आलो, आणि पगार गेला, खोड तेवढी राहिली. मग मी ‘हवापालट’ सुरू केलं.

‘हवापालट’ म्हणजे ईमेलने जाणारं बातमीपत्र. वर्षातून चारदा, मोसमाच्या तोंडावर, नेदरलँड्समधल्या अडीचशेएक मराठी घरांत ते जायचं. ट्यूलिप यंदा कुठल्या आठवड्यात फुलणार, जोडून आलेल्या सुट्ट्यांना कुठले रस्ते तुंबणार, कुठल्या स्वस्त विमान कंपनीने कुठला मार्ग गुंडाळला, असल्या बातम्या वर आणि खाली माझं लाडकं सदर, लहान हॉटेलांचं. त्याला नियम एकच. हॉटेल कुठल्या साखळीतलं नको, मालकाने स्वतः दार उघडायला हवं. जिथे काउंटरवरचा माणूस तुमचं नाव कॉम्प्युटरला विचारतो तिथे जाण्यापेक्षा आपल्याच घरातल्या गाद्या इकडच्या तिकडे करून झोपावं, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी छापलंही होतं. सगळीकडे स्वतः जाऊन राहणं मात्र शक्य नव्हतं, म्हणून मी वाचकांच्या पत्रांवर विसंबायचे.

२००५च्या नोव्हेंबरात हार्लेमच्या वृंदाचं पत्र आलं. फेलुवेच्या जंगलाच्या कडेला एका खेड्यात हॉटेल फेल्टहाउस म्हणून नऊ खोल्यांचं जुनं हॉटेल आहे, मालक म्हातारे आहेत, स्वतः बॅगा उचलायला धावतात, नाश्ता गरम. ‘आणि मंजूषा, सकाळी आमचे चौघांचे बूट पॉलिश करून ठेवलेले होते! एक्स्ट्रा चार्ज काही नाही!’

मी वसंताच्या अंकात ते हॉटेल घेतलं आणि शेवटी ठळक अक्षरांत टाकलं, ‘बूटपॉलिश फुकट’. फुकट हा शब्द आपल्या माणसांना कसा दिसतो हे मला चांगलं ठाऊक होतं. एप्रिल-मेमध्ये तिथे मराठी माणसांची रीघ लागली.

आणि मग पत्रं यायला लागली. न्यूनेनच्या प्रसन्नने लिहिलं की बुटांच्या तळाला पांढऱ्या खडूने ७ लिहिलेलं होतं, हे काय असेल? दुसऱ्या एकीच्या बुटांना ४ होता. तिच्या मुलाच्या रबरी सँडलसुद्धा साबणाने धुऊन, पुसून, बंद लावून ठेवल्या होत्या. मुलाकडे राहायला आलेले बाळासाहेब म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना हा आकडा पोलिसांनी टाकलेला वाटला. एका बाईंनी तर बूट पुन्हा घालायच्या आधी त्यांवरून मीठ ओवाळलं.

आता माझ्यासारखीला एवढं पुरे होतं. या देशात सायकलला हवा भरायचा पंपसुद्धा लोक मोजून-मापून उसना देतात, तिथे मुलाची रबरी सँडल कोण धुतं आणि का धुतं? जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होता, सीमेपलीकडे खोली मिळायची सोय नव्हती. म्हणून जूनमधल्या एका शनिवारी मी आशुतोषला घेऊन हॉटेल फेल्टहाउसला गेले.

“बूट बघायला दीडशे किलोमीटर?” आशुतोष गाडीत म्हणाला.

“बूट नाही. कारण बघायला.”

“अगं, सर्व्हिस असेल त्यांची. विषय संपला.”

“तुझा संपला.”

दार मालकांनीच उघडलं. मेनेर, म्हणजे डच भाषेतले श्रीयुत, फेल्टहाउस उंच होते, किंचित वाकलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली. वय चौऱ्याहत्तर, हे मला नंतर कळलं. इंग्रजी जपून बोलत होते. त्यांनी आमचे हात हातात घेतले आणि मग त्यांची नजर सरळ आमच्या पायांकडे गेली. त्यांच्या हातांची बोटं सांध्यांजवळ सुजलेली होती. नको म्हटलं तरी त्यांनी बॅग उचललीच, दुसऱ्या मजल्यावरच्या पाच नंबरच्या खोलीपर्यंत आणली आणि तिथेच आम्हाला शुभरात्री म्हणाले, बाहेर सात वाजताचं लख्ख ऊन असताना.

ते वळले आणि आशुतोषने सवयीने खोलीच्या दाराबाहेर बूट काढले. भिंतीला टेकवून, जोडीने. मग सॉक्सवर आत गेला आणि पलंगावर पसरला.

मी तिथेच थबकले. आख्ख्या मजल्यावर त्या दिवशी तीन मराठी कुटुंबं होती आणि तिन्ही दारांबाहेर बूट होते. मासिकात असताना जुन्या युरोपातल्या हॉटेलांवर मीच एक लेख संपादित केला होता, त्यातलं वाक्य मला आठवलं. पूर्वी पाहुणे रात्री दाराबाहेर बूट ठेवत, आणि त्याचा अर्थ एकच असे, सकाळपर्यंत पॉलिश करा.

आम्ही बूट बाहेर काढत होतो ते आत घाण येऊ नये म्हणून. खोलीत आम्ही खाणार, टेबलावर कुणी गणपतीचा छोटा फोटो ठेवणार, तिथे बाहेरची पायताणं कशी न्यायची? आणि हा माणूस त्याला हुकूम समजत होता.

सकाळी पाचला मी अनवाणी खाली गेले. उजाडलं होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत लांब टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर अकरा जोड ओळीने मांडले होते. मेनेर फेल्टहाउसनी पट्ट्याने ब्रश हाताला बांधला होता, कारण मुठीत तो धरला जात नव्हता. त्यांच्या दुसऱ्या हातात आशुतोषचा बूट होता.

माझ्या वडिलांचं वय तेवढंच होतं. मला इतकी लाज वाटली की मी दारातच उभी राहिले. आपण ज्यांच्या पाया पडायचं त्या वयाचा माणूस आपल्या नवऱ्याचा बूट मांडीवर घेऊन बसला होता, आणि हे मी फुकट म्हणून छापलं होतं.

“या, या,” ते म्हणाले. “झोप नाही लागली?”

“लागली. मेनेर, हे आकडे कशासाठी?”

ते हसले. “खोलीचा नंबर. नाहीतर कुणाचे बूट कुणाकडे जातील. माझे वडील असंच करायचे. त्यांनीच मला शिकवलं, ओल्या बुटात वर्तमानपत्र, मेण थोडंच, आणि घाई नाही.” त्यांनी बूट उजेडात फिरवून पाहिला. “साधारण ऐंशी सालापासून कुणी बाहेर बूट ठेवेनासं झालं. मी रोज सकाळी वर जाऊन पाहायचो. सवय. पंचवीस वर्षं काही नव्हतं. मग मागच्या शरदात एक कुटुंब आलं तुमच्याकडचं. चार जोड! दोन लहान. मी जिन्यात बसलोच.”

“मग?”

“आर्नहेमच्या एका माणसाला मी हॉटेल विकणार होतो. तो इथे फ्लॅट करणार आहे. त्याला म्हटलं, एक वर्ष थांब. एक ऑक्टोबरपर्यंत उत्तर देतो.” ब्रश पुन्हा फिरू लागला. “हॉटेल म्हणजे काय हे अजून माहीत असलेली माणसं आहेत. मग मी का बंद करू?”

जन्मात पहिल्यांदा मला एका प्रश्नाचं उत्तर माहीत होतं आणि ते नको होतं.

नाश्त्याच्या वेळी त्यांची मुलगी विलेमीन कॉफी घेऊन आली. पन्नाशीची, शनिवार-रविवारी मदतीला येणारी. बातमीपत्र काढणारी बाई मीच, हे तिला पाहुण्यांकडून कळलं होतं. ती शेजारची खुर्ची ओढून बसली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, “तुमची माणसं बूट का बाहेर ठेवतात?”

मी खरं ते सांगितलं.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “बाबांना सांगू नका. मागच्या शरदापासून ते शीळ घालत फिरतायत. आई गेल्यापासून मी ती ऐकली नव्हती. पण सगळ्या खोल्या भरल्या की दुसऱ्या दिवशी त्यांना कप उचलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, हात थोडा वेळ तरी थांबवा. काही करता येईल का? बूट जरा कमी झाले तर?”

“करते,” मी म्हणाले. “माझ्यावर सोडा.”

माझ्यावर सोडा म्हणण्याचीही मला खोड आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शरदाचा अंक निघाला. फेलुवेच्या जंगलात तेव्हा सांबरासारख्या मोठ्या हरणांचे नर संध्याकाळी साद घालतात, ती ऐकायला लोक जातात. ती बातमी वर होती. खाली हॉटेल फेल्टहाउसबद्दल मी जीव ओतून लिहिलं. ‘आपण बूट बाहेर काढतो आणि आपल्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ पहाटे उठून, सुजलेल्या बोटांनी, ते पुसतात. ही सेवा नाही, गैरसमज आहे, आपला नाही, त्यांचा, आणि आपण तो मजेत चालू दिला. मीही दिला. यापुढे बूट पिशवीत घालून खोलीत न्या. त्यांना काही बोलू नका.’ वाचून आशुतोष म्हणाला, “थोडं स्ट्राँग झालंय का?” मी म्हटलं, खरं ते खरं.

लेख लागला. असा कधी लागला नव्हता. दोन दिवस फोन वाजत राहिला. वृंदा रडली. बाळासाहेबांचा आवाज पडलेला होता. “अहो मंजूषाताई, मी तर दोन जोड ठेवले होते. म्हटलं आलोच आहोत तर दुसरेही होऊन जातील.” हॉटेलचं एकही बुकिंग रद्द झालं नाही. मला वाटलं, जमलं. हातही वाचले, हॉटेलही वाचलं. मी दोन दिवस स्वतःवर खूश होते.

त्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी विलेमीनचा फोन आला.

“बाबांनी काल सही केली.”

“कशावर?”

“विक्रीवर. शनिवारी हॉटेल भरलेलं होतं. नऊच्या नऊ खोल्या तुमच्या लोकांच्या. पाहुणे छान होते, फार छान. पोरांना हळू बोलायला लावत होते, स्वतःच्या बॅगा स्वतः उचलत होते, बाबांना खुर्चीवरून उठू देत नव्हते. रविवारी पहाटे बाबा वर गेले. तीनही मजले पाहून आले. मग मागच्या खोलीत गेले आणि टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद घडी करून ठेवला. मला म्हणाले, आर्नहेमचा नंबर दे.”

“एकही जोड नव्हता?” मी विचारलं.

“मी तुम्हाला कमी करा म्हटलं होतं,” विलेमीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “एखादा जोड राहिला असता तरी चाललं असतं.”

मी त्यांना समोरासमोर सांगायला हवं होतं. त्या दिवशी पहाटे पाचला, त्या टेबलाशी बसून, की मेनेर, हे असं आहे, आणि आता तुम्ही ठरवा. ते हसले असते किंवा दुखावले असते, पण ठरवलं त्यांनी असतं. त्यांना सोडून मी अडीचशे घरांना सांगितलं. ही दया नव्हती, आगाऊपणा होता, आणि हे मला फोन ठेवल्या ठेवल्या कळलं.

संध्याकाळी मी हॉटेलचा नंबर फिरवला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच. मेनेर फेल्टहाउसनी स्वतः उचलला. माझा आवाज ओळखला, आशुतोषची चौकशी केली, त्याच्या उजव्या बुटाची टाच एका बाजूने झिजतेय ती बदलून घ्या म्हणाले.

“मेनेर, मला तुम्हाला एक सांगायचंय. आमच्या माणसांबद्दल.”

“नाही, नाही, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही,” ते घाईने म्हणाले. माझीच समजूत काढत असावेत असा त्यांचा सूर होता. “उलट चांगलं झालं. त्यांनाही इथे येऊन आता तीन-चार वर्षं झाली असतील ना? माणसं जिथे राहतात तिथली होतात. आता तीही आमच्या लोकांसारखी झाली. हो ना?”

मी हो म्हणाले.