तलावाकाठी उभा केलेला रोलर

मित्रांनो, तलावाच्या काठावर निळा रंग लावून उभा केलेला, ज्याच्यावर चढून तुम्ही फोटो काढता, तो जुना रोलर मी.

मी सरकारी. कय्युमचाचा मला चालवत. बिडकीनपासून मुकुंदवाडीपर्यंत कितीतरी रस्ते आम्ही दोघांनी दाबून पक्के केले. माझ्या हळू चालण्याला पोरं हसत. मला वाईट वाटत नसे, कारण मागे रस्ता तयार होत असे.

मग आम्ही पडेगावजवळच्या या तलावापाशी आलो. एका काठाला जुनी वस्ती, दुसऱ्या काठाला एका कंपनीची मोकळी जमीन. वस्तीतल्या आवडाबाईंनी रस्त्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले होते. अखेर रस्ता मंजूर झाला, खडी पडली. मला पाहून त्या धावत आल्या. चाचांना म्हणाल्या, "भाऊ, आधी चहा घ्या, मग सुरू करा."

मी जेमतेम एक फेरी मारली, तोच अभियंता साहेब जीपमधून उतरले.

"रोलर पलीकडं न्या. खडीपण उचला. आधी कंपनीच्या जमिनीकडचा रस्ता करायचाय."

"पण साहेब, तिथं तर कुणीच राहत नाय," चाचा म्हणाले.

"रस्ता झाला की कंपनी बंगले बांधून विकेल. मग राहतील."

"आन् पैसा?"

"सरकारचाच. इथलाच तिकडं वळवलाय."

आवडाबाई खडीच्या ढिगापुढं उभ्या राहिल्या. "मग आमचं कधी?"

"बघू पुढच्या वर्षी."

चाचांनी मान खाली घालून मला फिरवलं. मी लोखंडाचा, नेतील तिकडं जाणारा.

बंगले उभे राहिले. काठावर फरशी, दिवे, बाकं आली, तीही सरकारी खर्चानं. मी मोडीत निघालो, तेव्हा कंपनीनं मला भंगारात विकत घेतलं आणि रंगवून आपल्या काठावर शोभेला ठेवलं. माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात आवडाबाई चिखलात घसरल्या. पाय मोडला. रुग्णवाहिका वस्तीत शिरेना, म्हणून माझ्याजवळ डांबरी रस्त्यावर थांबली. चौघांनी त्यांना खाटेवर घालून आणलं. सोबत सून निशा होती. मला पाहून ती म्हणाली, "ह्यानंच आपला रस्ता नेला."

खाट डांबरावर आली तसे हादरे थांबले. आवडाबाईंनी डोळे उघडले. "नको बोलू गं त्याला. रस्ता लई चांगला केलाय."

त्या क्षणी धरणीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल चढा. पण तुमच्यातलं कुणी उद्या अभियंता होईल. तेव्हा रोलर आधी माणसं राहतात तिथं पाठवा. आवडाबाई आता काठी टेकत चालतात, आणि त्यांची वाट अजून चिखलाचीच आहे.