छावणीतली मिसरी

सासूवरचा माझा संशय उगाच नव्हता. विशाखा छावणीत तिच्याजवळ राहायला गेली आणि पोरीचं पोट जास्तच दुखायला लागलं.

त्या उन्हाळ्यात नेकनूरकडं ना पाणी होतं ना कडबा. दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली, तशी निम्मी म्हातारी माणसं जनावरांमागं तिकडंच मुक्कामाला गेली. आमच्या दोन म्हशी घेऊन माझी सासू भिमाबाई गेली. मी दिवसभर टँकरच्या रांगेत, नवरा भारत संस्थेच्या दुधाच्या टेम्पोवर. म्हणून दोन्ही पोरी सासूकडंच ठेवल्या. विशाखा आठ वर्षांची, सुजाता अडीच.

दुपारी भाकरी घेऊन गेले की मी आधी पोरींची तोंडं बघायची. कारण मिसरी. सासूची डबी तिच्या कमरेला असायची. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड ती दिवसातून कितीदा दातांना घासायची, तिचं तिलाच ठाऊक. विशाखाला दात आले तेव्हापासून तिलाही लावायची. त्यावरून आमची किती भांडणं झाली! शेवटी तिनं बाबासाहेबांच्या फोटोसमोर सांगितलं, आता न्हाई लावत. पण विशाखाच्या ओठांवरचे काळे ठिपके काही जाईनात. ते मिसरीचे डाग आहेत आणि म्हातारी माझ्यामागं अजून लावते आहे, हे मी धरूनच चालले होते.

सुजाताचं तोंडही काळं दिसायला लागलं तेव्हा मी विचारलं.

‘‘कोळसा खाती ती चुलीतला,’’ सासू म्हणाली. ‘‘लई वढाळ पोरगी हाय.’’

पाण्याची अशी बोंब की आंघोळ आठवड्यातून एकदा. मी कोळसा मान्य केला.

विशाखा मात्र जेवली की पोट धरून बसायची. गावातल्या डॉक्टरनं ओठ बघितले. मीच ठसक्यात सांगितलं, ‘‘आज्जी मिसरी लावती.’’ त्यानं मिसरी बंद करा म्हणून गोळ्या दिल्या. मी छावणीत जाऊन सासूला नको नको ते बोलले. ती डबी कमरेला खोचून म्हशींकडं निघून गेली. एरवी माझ्या एका वाक्याला तिची चार असायची. त्यानं तर माझा संशय पक्काच झाला.

मग एका दुपारी विशाखा छावणीत लोळायला लागली. हिरवं ओकली, शौचाला रक्त पडलं. भारतनं दुधाचे कॅन तिथंच उतरवले आणि टेम्पोतून आम्हाला सगळ्यांना बीडला नेलं. तिथून औरंगाबादला. रात्रीच ऑपरेशन झालं.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आणि भारतला समोर बसवलं. आतड्यात आतडं शिरलं होतं. आतल्या एका मांसाच्या गाठीनं ते ओढलं होतं. पॉलिप म्हणतात त्याला.

‘‘मिसरीनं झालं ना?’’ मी विचारलं. सासू दारातच उभी होती, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारलं.

‘‘नाही. हा आजार आई-बापाकडून, रक्तातून येतो. ओठांवरचे ठिपके मिसरीचे नाहीत, ही त्याचीच खूण आहे. आतड्यात अशा आणखी गाठी आहेत. दर दोन-तीन वर्षांनी दुर्बिणीनं बघायचं, मोठ्या व्हायच्या आधी काढायच्या. ते केलं तर पोरगी नीट जगेल.’’ मग बाईंनी बॅटरी घेतली. ‘‘दोघं तोंड उघडा. मोठेपणी ओठांवरचे ठिपके पुसट होतात, पण गालाच्या आत राहतात.’’

माझं तोंड साफ निघालं. भारतनं तंबाखू थुंकून चूळ भरली. बाईंनी त्याचा गाल ओढून बघितला. आत तसेच काळे ठिपके होते.

‘‘तंबाखूचं हाय ते,’’ दारातून सासू घाईनं म्हणाली.

‘‘नाही, आजी.’’

मी वळून बघितलं तर सासू तिथं नव्हती. पळाली, मी मनात म्हटलं. सुजाताला कडेवर घेतलं आणि तिला हुडकायला निघाले.

ती मागच्या नळावर होती. पदराचा बोळा करून गाल आतून घासत होती. पाण्यात रक्त येत होतं.

‘‘निघत न्हाई गं,’’ माझ्याकडं न बघताच ती म्हणाली. ‘‘माझ्या छबूला बी हे ठिपके व्हते. थोरली बहीण माझी. पाव्हणे बघाया यायचे अन् तिचे व्हट बघून उठून जायचे. मंग आईनं आमा दोघींला मिसरी लावली. काळ्यात काळं दिसत न्हाई. छबू उसतोडीला गेलती, थितंच पोट धरून मेली. आमी म्हणलो, कुणी करणी केली.’’

‘‘म्हंजी तुमाला ठावं व्हतं!’’

‘‘ठिपक्याचं ठावं व्हतं. पोटाचं न्हाई. आपल्या विशीला कुणी नावं ठिवू नये म्हणून लावत व्हते मी.’’

मला तिचा गळा धरावासा वाटला. आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. माझा संशय बरोबर माणसावर होता, पण मी भांडत बसले मिसरीशी आणि पोरीच्या पोटात भलतंच वाढत राहिलं.

तेवढ्यात सुजातानं माझ्या खांद्यावर तोंड पुसलं. माझ्या पोलक्यावर काळा फराटा उठला. काल दुपारपासून ही पोर चुलीच्या आसपाससुद्धा नव्हती.

‘‘आत्याबाई,’’ मी म्हटलं, ‘‘हिचं तोंड कावून काळं हाय?’’

सासूनं नळ बंद केला. कमरेची डबी तिनं मुठीत घट्ट धरली होती.

मी नळ पुन्हा सोडला. पदर भिजवून सुजाताचे ओठ पुसायला लागले. पदर काळा झाला, मी दुसरी बाजू घेतली, तीही काळी झाली. मग पदराला काही लागेना. खालच्या ओठावर ठिपके तसेच होते. तिळाएवढे, नवे.

‘‘उद्या दाखवू बाईला,’’ सासू पुटपुटली. ‘‘आज लेकरू दमलंय.’’

‘‘उद्या न्हाई,’’ मी तिच्या मुठीतली डबी काढून घेतली. ‘‘आत्ता. अन् तुमी बी चूळ भरा, चला.’’