कोमट

मगात फेस आलाच नाही. यीस्ट तळाशी चिखलासारखं बसलेलं, वर तपकिरी पाणी निपचित... आणि तो वाट बघत उभा, जसं काही अजून जरा वेळ दिला तर ते शुद्धीवर येईल. पाणी जास्त गरम पडलं होतं. एरवी तो आधी बोट बुडवून बघतो, चटका बसला तर थांबतो — आणि आज नेमकं...

"मेलं ना?" पाव मांडता मांडता मालक म्हणाला. "लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष दवाखान्यात. तिथे तो एकटाच गेला होता, आणि डॉक्टरांनीही यीस्टचंच विचारलं होतं — तुम्ही बेकरीवाले, यीस्ट उकळत्या पाण्यात टाकता का? मग? त्या जिवंत पेशी, तशा ह्या शुक्रपेशीही. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी कमरेला धग घेत उभं राहायचं, आणि त्यांनी जगावं म्हणायचं... काही महिने भट्टी सोडा, सुधारेल कदाचित. त्याने मान हलवली. घरी येऊन बायकोला म्हणाला, माझं सगळं ठीक आहे. एवढंच तर बोललो मी, एक वाक्य — पण तिच्या डॉक्टरीणबाईंनी ते खरं धरलं, आणि आता ती रोज गोळ्या गिळते, सुया टोचून घेते, आणि दंडावरचे निळे डाग झाकायला उकाड्यातही लांब बाह्यांचं घालते.

संध्याकाळी दारातच आई तिला म्हणाली, "त्याला आधी पंख्याखाली बसू दे. दिवसभर भाजून निघतो पोरगा, आणि घरात बघावं तर पाळणा हलायचं नाव नाही."

तिने ओला टॉवेल पिळून त्याच्या मानेवर ठेवला. "किती तापलायस रे..." मग पुडीतून गोळी काढली. "पाणी दे ना."

त्याने ग्लास भरला, आणि सवयीने बोट बुडवलं.

"मी काय यीस्ट आहे?" ती हसली.

तोही हसायला गेला. आत्ता सांगता येईल, आत्ता, गोळी अजून तळहातावर आहे — इतके दिवस त्याला वाटायचं, ती चिडेल म्हणून आपण गप्प आहोत. पण ती चिडणार नाही. ती हाच टॉवेल पुन्हा पिळून मानेवर ठेवेल, आपलीच समजूत घालेल, आणि ते... ते आपल्याला सोसायचं नाही. तिने ग्लास घेतला. मानेवरचा टॉवेल एव्हाना कोमट झाला होता. तो त्याला काढवेना.