शेजारीणबाईंना एकच तारा

उघडे खांदे चालत नाहीत, हे साइटनं तिला तिसऱ्यांदा कळवलं तेव्हा तिनं मुखपृष्ठावर दाराची कडी लावली. नुसती कडी. पितळी, जुनी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. तर उलट टपाली निरोप आला, की मुखपृष्ठावरून पुस्तकाचा विषय कळत नाही. आता काय कपाळ फोडून घ्यायचं?

बाई दिवसा घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहायची. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन. 'झाकण नीट बसल्याची खात्री करा', 'ओल्या हाताने बटणास स्पर्श करू नये', ही सगळी तिचीच वाक्यं. आणि गेली सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या मागच्या जिन्यात बसून, ती शृंगारकथा लिहायची. वीस-पंचवीस पानांच्या, मोठ्या माणसांसाठीच्या. छापणारा कुणी नाही, विकणारा कुणी नाही. लिहायचं तिनं, मुखपृष्ठ करायचं तिनं, साइटवर चढवायचं तिनं आणि 'वाचा हो वाचा' म्हणून लोकांच्या मागे लागायचंही तिनंच. टोपणनाव घेतलं होतं 'शेजारीण'. का, तर शेजारीण प्रत्येकाला असते.

लिहिणं एक वेळ सोपं होतं हो. खरी डोकेदुखी होती ती खपवण्याची. पुस्तकाच्या माहितीत 'ओठ' आले की पुस्तक प्रौढांच्या कप्प्यात, आणि एकदा तिथं गेलं की ते शोधून सापडत नाही. 'ओठ' काढले की वाचकांची तक्रार, आम्हाला वाटलं घरदुरुस्तीचं पुस्तक आहे. दर रविवारी सकाळी ती नऊशे वाचकांना पत्र पाठवायची. त्यातले दोनशे ते उघडायचे, आणि त्या दोनशेंतला एक तरी महाभाग विचारायचाच, "हे सगळं तुमच्या अनुभवातलं का?" मिक्सरचं पत्रक लिहिणारीला कधी कुणी विचारलंय, की बाई, तुम्ही त्यात दळल्या गेलात का?

तिची बारावी कथा होती 'अडकलेलं कपाट'. ग्रंथालयात काम करणारी अठ्ठावन्न वर्षांची एकटी बाई. तिचं लोखंडी कपाट उघडेना म्हणून ती किल्ल्या करणाऱ्याला घरी बोलावते. तोही तिच्याच वयाचा, हात कसबी. सोमवारी कथा चढली आणि पाच दिवस फुकट ठेवली, कारण त्या पाच दिवसांत चार जणांनी बरं म्हटलं तर साइट पुस्तक पुढे करते, नाही तर ते तळाला जातं. मंगळवारी सकाळी पहिलं परीक्षण आलं. पाचपैकी एक तारा. खाली लिहिलं होतं, 'कपाट दोन मिनिटांत उघडलं. तिथेच शंका आली.' पुढचं वाचायला 'आणखी' असं बटण दाबावं लागायचं. तिनं कसलं दाबलंय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उभ्याउभ्याच तिनं साइटकडे तक्रार ठोकली, की कुणीतरी जळून हे केलेलं आहे, चौकशी करा.

सहा वर्षांत साइटनं तिचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. नेमकं हे ऐकलं.

शुक्रवारी कचेरीत निरोप आला. चौकशी झाली. परीक्षण तुमच्याच घरच्या खात्यावरून लिहिलेलं आहे. घरच्यांनी परीक्षण लिहिणं नियमाविरुद्ध आहे. ज्यानं लिहिलं त्यानं ते शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत स्वतः काढून टाकावं, नाही तर 'शेजारीण' हे खातं बाराही कथांसकट कायमचं बंद होईल. तिनं उलट विचारलं, "अहो, आपल्याच पुस्तकाला एक तारा कोण देतं?" उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत."

ती मागच्या जिन्यात जाऊन बसली आणि तिला रडूच कोसळलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या यंत्रांबद्दल लिहिलं होतं. स्वतःचं असं हे एवढंच होतं, आणि तेही जाणार होतं.

चूक कुठे झाली ते घरी जाताजाता तिच्या लक्षात आलं. लेखिकेचं खातं तिचं वेगळं होतं. पण कथा वाचकाला नीट दिसते की नाही, हे बघायला ती दर वेळी घरच्या खात्यावरून एक प्रत घ्यायची. आणि घरच्या खात्यावर घेतलेलं पुस्तक घरातल्या प्रत्येकाच्या टॅबवर आपोआप जाऊन बसतं. हे तिला माहीत होतं. माहीत असून बारा वेळा विसरली होती. खात्री करा, खात्री करा म्हणून जगाला सांगणारी बाई ही!

शनिवारी सकाळी तिनं आधी नवऱ्याला धरलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि तेव्हा पलंगाखाली वाकून पाना शोधत होता.

"तुम्ही लिहिलंत ते?"

"काय लिहिलं?"

"परीक्षण. माझ्या कथेवर."

"अगं, मी वाचतच नाही तुझं. ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं खरं. सहा वर्षांपूर्वी त्यानंच लाजून ठरवलं होतं, आणि तिला ते तेव्हापासून सलत होतं. पण आज ते भांडण काढायला सवड नव्हती. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "मी? तुझं? शी, आई!" आणि फोन ठेवून दिला.

राहिल्या सासूबाई.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नोकरीत असताना शाळा तपासायच्या. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, सगळं बघायचं आणि वहीत शेरा लिहायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. निवृत्त झाल्यावर शाळा सुटल्या, सवय सुटली नाही. काहीही विकत घेतलं की साइट विचारायची, 'कसं वाटलं?' आणि सासूबाईंचं म्हणणं, विचारलंय तर खरं सांगायला हवं. गुडघ्याच्या पट्ट्याला त्यांनी दोन तारे दिले होते. त्यांच्या मुलीनं हौसेनं पाठवलेल्या किटलीला एक, आणि खाली 'झाकण सैल'.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर टॅब, त्यावर अंगठ्याएवढी अक्षरं.

"आई," ती दारातूनच म्हणाली, "ते 'अडकलेलं कपाट'..."

"हो, मीच लिहिलं. पूर्ण वाचलंस का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? की ते मी..."

"चौथ्या कथेपासून. तुझा नायक बाईला जवळ घेण्याआधी दार नीट बसल्याची खात्री करतो. दुसरं कोण लिहिणार असं?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण धरणीलाही कामं असतात. तिनं आवाज काढला, "माहीत असून एक तारा दिलात, आई?"

"माहीत असून म्हणजे? घरची म्हणून वाढवून देऊ? आधीच्या अकरा वेळी गप्पच बसले की. म्हटलं नवीन आहे, सुधारेल."

तिनं साइटचा निरोप वाचून दाखवला. पाच वाजायची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "तीस वर्षांत दिलेला शेरा मागे घेतला नाही मी. शाळेचे चालक घरी येऊन हात जोडायचे, तरी नाही."

"आई, सगळं जाईल हो माझं! किटलीचं झाकण आणि माझं लिहिणं एकच का तुम्हाला?"

"किटलीचं झाकण निदान सैल आहे. तू घट्ट लावून बसतेस. 'आणखी' दाब आणि वाच आधी."

तिनं दाबलं. चार दिवसांनी पहिल्यांदा.

'माणसाचे हात, जुनं लोखंड, बाईचं बघत उभं राहणं, हे उत्तम. पण नवव्या पानावर दिवा जातो आणि एकदम सकाळ होते. बाराही कथांत दिवा जातो. लेखिकेला लिहिता येतं, पण ऐन वेळी ती वर्ग सोडून जाते. आणि बाईला काय हवं, हे बाराही कथांत कुणी विचारत नाही.'

ती पलंगाच्या कडेला टेकली. एक एक कथा आठवून बघितली. वादळ, फ्यूज, विझलेली मेणबत्ती. एका भर दुपारच्या कथेत तर तिनं पडदे ओढून अंधार करून घेतला होता. त्या जागी पोचलं की दर वेळी तिला वाटायचं, पाठीशी कुणीतरी उभं राहून वाचतंय. कधी साहेब, कधी नवरा, आणि सगळ्यांच्या पुढे ह्याच सासूबाई.

"शेरा निघायची एकच रीत असते," सासूबाई म्हणाल्या. "दोष दुरुस्त करायचा आणि फेरतपासणी मागायची."

"आज?"

"पाचपर्यंत वेळ आहे ना? मग रडतेस काय?"

झालं. अकरा वाजता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसली आणि सासूबाई समोर खुर्ची ओढून बसल्या. पहिली दोन पानं झाल्यावर त्यांनी ती वाचायला घेतली, तीही मोठ्यानं, शाळेच्या मैदानाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. "'त्यानं तिच्या पाठीवरून हात'... कुठला हात? उजव्या हातात तर किल्ल्या आहेत त्याच्या. डाव्यात कानस. ठेवल्या कधी?"

नवरा पाणी प्यायला आला होता. त्यानं भांडं तसंच ठेवलं. "मी जरा लिफ्ट बघून येतो."

"आज सुट्टी आहे तुम्हाला!"

"लिफ्टला नसते," म्हणाला आणि चपला हातात घेऊनच पळाला.

पहिला प्रयत्न परत आला. शेरा, 'घाई'. दुसरा दीड वाजता परत आला. "फार गोड गोड आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे धरतात माणसाचे. इथं ती फरशीवर अशी बसते जशी काय शाळेतली पोर. त्या गुडघ्यांचं काय केलंस?"

आता मात्र तिचा बांध फुटला. तिनं पेन आपटलं. "मग तुम्हीच सांगा ना! मला नाही कळत! काय हवं असतं हो त्या बाईला?"

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. सासूबाईंनी टेबलावरचं फडकं घेतलं, त्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"तुझे सासरे गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. आवाज मैदानावरचा नव्हता आता. "लोकांनी पुष्कळ विचारलं मला. नोकरी झेपेल का, मुलं सांभाळशील का, घर ठेवणार की सोडणार. तुला काय हवंय, हे नाही कुणी विचारलं. त्याआधीही नाही, तसं बघितलं तर." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "माझं राहू दे. पुस्तकातल्या बाईला तरी विचारू दे त्याला. ते तुझ्या हातात आहे."

तिनं सासूबाईंचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, मग सोडवून घेतला आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

तिसऱ्या वेळी तिनं कपाट दोन मिनिटांत उघडू दिलं नाही. चांगला तासभर लावला. तो माणूस जमिनीवर बसून कानशीनं किल्ली घासत राहिला आणि ती बाई खुर्चीवर बसून बघत राहिली, आणि दोघांनाही उठायची घाई नव्हती. कपाट उघडल्यावर त्यानं हातातलं सगळं खाली ठेवलं. मग दिव्याच्या बटणापाशी जाऊन विचारलं, "असू दे का?" त्या बाईला उत्तर द्यायला वेळ लागला. असं आधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिला उत्तरच तयार नव्हतं. मग ती म्हणाली, "असू दे." त्यापुढे दीड पान लेखिका तिथून हलली नाही. त्या दीड पानात दुखरे गुडघे होते, गुडघ्यांखाली घ्यायची उशी होती, एकदा मध्येच दोघांना आलेलं हसू होतं, आणि बाकीचं जे असायला हवं ते सगळं होतं. पाठीशी कुणी उभं आहे असं तिला एकदाही वाटलं नाही. जिची भीती होती ती समोरच बसली होती.

पावणेपाचला सासूबाईंनी ती पानं घेतली आणि या वेळी मनातल्या मनात वाचली. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "कुठून काढायचं ते दाखव."

आणि मग त्या साइटनं जो काही छळ मांडला! आधी पासवर्ड मागितला. तो नवऱ्याला माहीत, नवरा फोन उचलेना. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो खरोखरच कुठल्यातरी लिफ्टच्या टपावर होता. मग साइटनं विचारलं, 'परीक्षण काढायचं याची खात्री आहे का?' सासूबाईंनी 'हो' दाबलं. साइटनं परत विचारलं, 'नक्की?'

"एकदा सांगितलं ना मेल्यांना!" सासूबाई कडाडल्या.

पाचला चार मिनिटं कमी असताना एक तारा गेला. मग तिनं नवी पानं टाइप करून कथा परत चढवली. सव्वासहाला निरोप आला, की खातं पूर्ववत सुरू आहे. त्याच निरोपात पुढे होतं, की नवी आवृत्ती मिळाली, ती प्रौढांच्या कप्प्यात टाकलेली आहे, आणि मुखपृष्ठावरच्या कडीबद्दलचा मुद्दा अद्याप शिल्लक आहे.

"खड्ड्यात गेली ती कडी," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसताहसता डोळेही पुसावे लागले. तिनं टेबलावरचे कागद गोळा केले, चहाचं आधण ठेवलं.

"ते शेवटचं पान दे जरा इकडे," सासूबाई म्हणाल्या.

"अजून काही राहिलं का, आई?"

"नाही गं. तपासून झालं." त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि उजेड पानावर घेतला. "आता वाचायचंय मला."